लिव्हरपूलची वखार, जहाजांचं संग्रहालय आणि आपला कापूस

गिरणाकाठ (जळगाव)

आपल्याकडून समुद्र बघायचा तर सुरतेची नाहीतर मुंबईची गाडी धरावी लागते. तरी जहाजांच्या संग्रहालयावरचा हा धागा मी भटकंतीच्या विभागात न टाकता खानदेशच्या विभागात टाकतोय. कंटाळा न करता वाचलंत तर कारण कळेल.

मुलगी मँचेस्टरला असते. २०२३ च्या उन्हाळ्यात तिच्याकडे होतो, तेव्हा एका शनिवारी सगळे लिव्हरपूलला गेलो. गाडीने तासाभराच्या आत लाइम स्ट्रीट स्टेशन येतं, तिथून चालत वीस-पंचवीस मिनिटांत मर्सी नदीचा काठ. जावयाला बीटल्सचं प्रदर्शन बघायचं होतं, नातवाला टायटॅनिक. दोन्ही अल्बर्ट डॉक या एकाच आवारात आहेत. मला त्या आवाराचीच ओढ होती. माझे आजोबा जळगावात एका जीनमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढण्याच्या कारखान्यात, मुनीम होते. लिवरपुलाची तार आली की इथला रुईचा भाव हलायचा, हे ते म्हातारपणीही सांगायचे. ते लिवरपूल एकदा डोळ्यांनी बघायचं होतं.

डॉक म्हणजे मधे कोंडलेलं पाणी आणि चारी बाजूंनी पाच-पाच मजली वखारी. बंदराचा इंजिनिअर जेसी हार्टले आणि वास्तुरचनाकार फिलिप हार्डविक यांचं हे काम. १८४६ च्या जुलैत राणी व्हिक्टोरियाचे यजमान प्रिन्स अल्बर्ट यांनी उद्घाटन केलं, म्हणून हे नाव. त्याआधी तिथे माल जहाजातून धक्क्यावर उतरायचा, तिथून गाड्यांवर चढायचा आणि मग गावातल्या गोदामात जायचा. वाटेत भिजायचा, निम्म्या वाटेत चोरीला जायचा. हार्टलेने जहाज थेट वखारीच्या भिंतीशी आणून लावलं. डोलकाठ्यांच्या बाजूला वखार, वखारीच्या पोटात माल, आणि आवाराला एकच मोठी भिंत. जकात भरेपर्यंत माल हलणार नाही.

दुसरी गोष्ट आगीची. रुई, दारू, साखर, तंबाखू असा माल एकाच छपराखाली ठेवायचा, तर ठिणगी पडली की संपलं. म्हणून हार्टलेने इमारतीच्या सांगाड्यात लाकूडच वापरलं नाही. बिडाचे खांब, विटांच्या कमानी, दगड आणि छपरालासुद्धा लोखंडी पत्रे. तळमजल्यावर पाण्याच्या कडेने जे खांब आहेत ते विटकरी-लाल रंगवलेले, आणि इतके जाड की दोन माणसांनी हात पसरून कवेत घ्यायचं म्हटलं तरी हात मिळत नाहीत. नातवाने आणि मी करून पाहिलं. लोक बघत होते, बघू देत.

यातल्या एका वखारीत मर्सीसाइड मेरिटाइम म्युझियम आहे. तिकीट नाही. (थांबा, लगेच बॅग भरू नका. २०२५ च्या सुरुवातीपासून ते मोठ्या नूतनीकरणासाठी बंद आहे. जायचं असेल तर आधी चौकशी करा.) आत शिरलं की पहिली जाणीव होते ती छताची. ठेंगणं, कमानी-कमानींचं, आणि भिंती हातभर जाड. रंगीत दिवे, काचेची कपाटं, पडद्यावर चालणारी चित्रं असं सगळं आहे, पण मान वर केली की इमारत आपलं मूळ काम सांगते.

टायटॅनिकचं दालन गर्दीचं. जहाज बांधणाऱ्या कारखान्यानेच बनवलेली वीस फुटी प्रतिकृती तिथे आहे. टायटॅनिकची नोंदणी लिव्हरपूलची, कंपनीचं मुख्य कार्यालय लिव्हरपूलला, मागच्या बाजूला नावाखाली लिव्हरपूल असं लिहिलेलं, आणि जहाज त्या बंदरात कधी आलंच नाही. एका काचेखाली पहिल्या वर्गाचं तिकीट आहे. स्टुअर्ट होल्डन नावाच्या धर्मगुरूंचं. बायको आजारी पडली म्हणून ते गेले नाहीत, आणि तिकीट राहिलं. नातू तिथून हलेना. मग लुसिटानिया, जे १९१५ च्या मे महिन्यात जर्मन पाणबुडीने बुडवलं आणि जवळपास बाराशे माणसं गेली. त्याचा पाण्यात फिरणारा एक पंखा (प्रॉपेलर) बाहेर धक्क्यावरच ठेवलाय. मग दुसऱ्या महायुद्धातली अटलांटिकची लढाई. मग देश सोडून गेलेल्यांची कहाणी : १८३० ते १९३० या शंभर वर्षांत या एका बंदरातून नव्वद लाख माणसं अमेरिका-कॅनडा-ऑस्ट्रेलियाकडे निघून गेली.

सगळं उत्तम मांडलंय. पण मला एक गोष्ट खटकली. ही इमारत माणसांसाठी बांधलेली नव्हती, मालासाठी बांधली होती. आणि आत जहाजं भरपूर, कप्तान भरपूर, प्रवासी भरपूर. माल मात्र शोधावा लागतो. गठाणीत (दाबून बांधलेल्या गाठीत) काय होतं, ते कुठल्या काळ्या मातीत पिकलं, कुणी वेचलं, कुणी वजनात मारलं, हे मी शोधत फिरलो आणि हाती फारसं लागलं नाही.

आता आपला भाग. १८६१ पर्यंत इंग्लंडच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसातला तीन चतुर्थांशाहून जास्त कापूस अमेरिकेच्या दक्षिणेकडून यायचा, गुलामांच्या कष्टाचा. तिथे यादवी पेटली, उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं अडवली, लँकेशायरच्या गिरण्या थंड पडल्या. मग साहेबाला खानदेश, वऱ्हाड, धारवाड आठवलं. भाव तिप्पट-चौपट झाले. जळगाव त्या तीन-चार वर्षांत कापसाची मोठी पेठ बनलं, आणि १८६५ मध्ये युद्ध संपून भाव कोसळले तेव्हा तितक्याच जोरात आपटलं. ही नोंद जुन्या सरकारी गॅझेटिअरात आहे. तिकडे मुंबईत कापसाचे बडे दलाल प्रेमचंद रायचंद आणि बॅकबे (समुद्र बुजवून जमीन करणाऱ्या कंपनी) च्या शेअरांचं जे झालं, तेजीत चढले आणि मग कोसळले, ते सगळ्यांना माहीत असतं. ऐन भरात असताना त्याच प्रेमचंदांनी दिलेल्या पैशातून राजाबाई टॉवर उभा राहिला. आपल्या बाजूला काय उभं राहिलं, हा माझा प्रश्न.

बोला मंडळी.

---

वांग्याचं भरीत

पहिला! फोटो कुठे आहेत काका? खांबाला मिठी मारलेला तरी टाका.

---

लोकोशेड (भुसावळ)

झकास लिहिलंत. रेल्वेच्या बांधकाम खात्यात जन्म गेला, म्हणून थोडी भर घालतो.

लोखंडी गर्डर आणि त्यांच्या मधे विटांची बुटकी कमान, याला आम्ही जॅक आर्च म्हणतो. भुसावळच्या जुन्या रेल्वे बंगल्यांत मान वर करून बघा, तीच जात दिसेल. हार्टलेच्या आधीही इंग्लंडच्या गिरण्यांत ही पद्धत होती, पण एवढ्या मोठ्या गोदीवर, सांगाड्यात लाकडाचा तुकडा न घालता केलेलं हे ब्रिटनमधलं पहिलं काम. बीड दाबाला जबरदस्त असतं, म्हणून खांब बिडाचे. ताणाला मात्र ते कच्चं, अचानक तडकतं. म्हणून जिथे ताण येतो तिथे घडीव लोखंडाच्या सळ्या आणि पट्ट्या लावतात. छपराचे पत्रे एकमेकांना रिव्हेट मारून असे जोडलेत की पत्राच भार पेलतो.

गंमत म्हणजे वर लाकूड नाही, पण पायाखाली लाकूडच आहे. नदीकाठचा गाळ, मग काय करणार, खाली लाकडी खांब ठोकून त्यावर सगळं उभं केलं. पाण्याखाली हवा मिळत नाही म्हणून ते कुजत नाहीत.

आणि १८४८ मध्ये तिथे पाण्याच्या दाबावर चालणारे माल-उचलक बसवले, जगातल्या वखारींत बसलेले पहिले. पुढे या कामासाठी बांधलेलं उंच धुराड्याचं पंपघर अजून आहे. त्यात आता दारूचा गुत्ता चालतो म्हणे.

---

गिरणाकाठ

@लोकोशेड, गुत्ता म्हणू नका हो, चांगलं पब आहे. आम्ही तिथेच जेवलो. मी सरबत घेतलं.

---

वांग्याचं भरीत

सरबत. बरं.

---

पांझरा (धुळे)

चांगलं आहे, पण मला या उमाळ्याचं कारण कळत नाही. ज्या वखारीसाठी आपला शेतकरी नागवला गेला, तिथे जाऊन आपण 'आमचापण वाटा आहे' म्हणून आनंद मानायचा? त्यांनी खानदेशचं नाव कुठे लिहिलं नाही, तर बरंच केलं म्हणा.

आणि दुसरं, तेजीच्या काळात खानदेशातला किती कापूस खरोखर तिथे पोचला? रेल्वे तर नुकतीच येत होती. सगळं बैलगाड्यांवर.

---

गिरणाकाठ

@पांझरा, आनंद नाही मानला. हिशेब मागतोय. वखार आहे म्हटल्यावर आवक-जावक वही असणारच, त्यातलं आपलं पान कुठे आहे एवढंच विचारलं.

रेल्वेचं म्हणाल तर तुमचा मुद्दा अर्धा बरोबर आहे, आणि तो अर्धा फार बोलका आहे. १८६० नंतरच्या पहिल्या चार-पाच वर्षांत जी. आय. पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेची लाइन चाळीसगाव, जळगाव करत भुसावळकडे सरकली. पण खाली कसाऱ्याचा थळ घाट बाकी होता. घाटाच्या वर गाडी, घाटाच्या खाली गाडी, आणि मधला उतार गठाणी बैलगाडीवर. थळ घाट खुला झाला १८६५ च्या सुरुवातीला. आणि एप्रिलमध्ये अमेरिकेतलं युद्ध संपलं. म्हणजे रस्ता सरळ झाला आणि गिऱ्हाईक उठून गेलं.

मुंबईहून पुढेही सुएझ नव्हता, तो १८६९ चा. शिडाच्या जहाजाने आफ्रिकेला वळसा घालून तीन-चार महिने. चोपड्याच्या शेतकऱ्याने दिवाळीला वेचलेला कापूस लिव्हरपूलच्या धक्क्याला लागेपर्यंत पुढचा पेरा तोंडावर यायचा. तेवढ्या काळात भाव काय होईल यावर सट्टा खेळणारे मधले मालदार झाले.

---

पांझरा

घाटाची माहिती नव्हती. हे पटलं. हिशेब मागणं असेल तर मीही आहे.

पण मग हिशेबात हेही धरा, की आपला कापूस तिकडे बदनाम होता. धागा आखूड, त्यात कचरा, सरकी, वजन वाढावं म्हणून पाणी. लँकेशायरच्या मजुरांचे हाल झाले तो माल चालवताना, धागा सारखा तुटायचा आणि मजुरी कामावर असल्याने पैसे कमी पडायचे. मुंबई सरकारला १८६३ मध्ये कापसातल्या लबाडीविरुद्ध खास कायदा करावा लागला. भेसळ शेतकऱ्याने केली की अडत्याने, हे मात्र कायद्याने विचारलं नाही.

---

मेहरूणची बोर

भेसळ अडत्याने केली. आमच्याकडे आजही विचारा :)

---

तापीबाई (सावदा)

आम्ही २०१९ ला गेलो होतो, मुलं लहान होती, म्हणून थोडं घरगुती सांगते.

टायटॅनिक सगळे बघतात, पण मुलांना तळघरातलं चोरट्या मालाचं दालन सगळ्यात आवडलं. सीमेवर पकडलेल्या वस्तू, लपवायच्या एकेक युक्त्या, हस्तिदंत, कासवं. माझा धाकटा अजून विमानतळावर बॅग तपासणाऱ्यांकडे संशयाने बघतो.

पण मला लिहायचं आहे ते तिसऱ्या मजल्याबद्दल. गिरणाकाठ भाऊंनी त्याचा उल्लेख का केला नाही कळलं नाही. तिथे गुलामगिरीचं आंतरराष्ट्रीय संग्रहालय आहे, २००७ च्या ऑगस्टमध्ये सुरू झालेलं. इंग्लंडने गुलामांचा व्यापार १८०७ ला बंद केला, त्याला दोनशे वर्षं झाली त्या निमित्ताने. लिव्हरपूलच्या जहाजांनी सुमारे पंधरा लाख आफ्रिकन माणसं समुद्रापार नेली. पायातल्या बेड्या बघितल्या मी तिथे. लोखंड जुनं झालं तरी माप कळतं, केवढ्या घोट्याला बसवायची ते.

खालच्या मजल्यावर जहाजांची शान आणि वर हे. एकाच जिन्याने जायचं. मला ती मांडणी धाडसाची वाटली. शहराने स्वतःबद्दल असं लिहून ठेवणं सोपं नाही. तुम्ही म्हणता माल दिसत नाही. वर जो दिसतो तो माल माणसंच होती.

---

गिरणाकाठ

तापीबाई, मुद्दाम टाळलं. तो मजला मी चाललो आणि त्यावर दोन ओळीत उरकणं बरं वाटेना. तुम्ही लिहिलंत ते चांगलं झालं.

तिथे उभं असताना एक विचार आला होता. आपल्याकडे १८६२ ला जो भाव मिळाला, तो तिकडच्या गुलामांच्या मळ्यांचा माल अडला म्हणून मिळाला. आणि गुलाम मोकळे झाले त्याच वर्षी आपला भाव पडला. यात आपला दोष काहीच नाही, जळगावच्या शेतकऱ्याला अमेरिका कुठे आहे हे ठाऊक नव्हतं. पण दोरी एकच होती.

---

अहिरानी भो

गह्यरं भारी लिखं भो! मना आजला बी कापूसना याप्पारी व्हता. आते तठे कव्हय जासूत आम्ही, पासपोर्ट बी नही.

---

दर्यावर्दी शिरपूरकर

वीस वर्षांहून जास्त जहाजाच्या इंजिनरूममध्ये काम केलंय, त्यामुळे हा धागा माझाच. शिरपूरला आईला अजून वाटतं मी नावेत बसून झोपतो.

लिव्हरपूलला जहाज लागलं होतं तेव्हा हे संग्रहालय पाहिलं. गिरणाकाठ यांच्या तक्रारीत माझी एक जोडतो. जहाज दाखवतात ते वरून. प्रतिकृती बघा, चकचकीत, डेक, चिमण्या, बोटी. इंजिनरूमची उष्णता, आवाज, तेलाचा वास कुठे दाखवणार? आणि खाली कोळसा झोकणारे कोण होते? ब्रिटिश कंपन्यांच्या जहाजांवर हजारो हिंदी खलाशी असायचे, त्यांना लस्कर म्हणत. डेकवर रत्नागिरीकडचे आणि गुजरातेतले, भट्टीपाशी सिल्हेटचे, पंजाबचे, पठाण, आणि भटारखान्यात नि जेवणघरात गोव्याचे. पगार गोऱ्या खलाशाच्या कितीतरी कमी, झोपायला जागाही कमी मोजलेली. दोन्ही महायुद्धांत यातली हजारो माणसं बुडाली.

म्हणजे तुमचा कापूस नेणारं जहाज पुढे वाफेवर चालायला लागलं, तेव्हा ते चालवणारे हातही अर्धे इकडचेच.

खानदेशातून दर्यावर जाणारे कमी, पण आता पोरं जाऊ लागलीत. शिरपूर, शहादा, दोंडाईचा भागातली भेटतात. एकदा सिंगापूरच्या धक्क्यावर शेजारच्या जहाजावरून कुणीतरी 'काय भो' म्हणून हाक मारली, मी उडालोच.

---

सातपुडा

खानदेशाचा आणि समुद्राचा संबंध नाही असं जे आपण धरून चालतो ते १८६० च्या किती आधीपासून चूक आहे, त्यावर थोडं.

तापीच्या खोऱ्यातून बुऱ्हाणपूर ते सुरत हा मोगलांच्या काळचा राजरस्ता. नंदुरबार, नवापूर करत सुरतेच्या बंदराला. बुऱ्हाणपूरचं कापड, खानदेशची नीळ, सगळं बैलांच्या तांड्यांवर. धरणगावला १६७४ मध्ये इंग्रजांनी वखार घातली होती, इथलं कापड घ्यायला. दुसऱ्याच वर्षी शिवाजी महाराजांच्या फौजेने धरणगाव लुटलं, पुन्हा १६७९ ला. म्हणजे ऐतिहासिक वखार बघायला लिव्हरपूलला कशाला, धरणगावला एसटी जाते. अर्थात तिथे बघायला आता काही उरलेलं नाही.

आणि त्याच्याही हजार-बाराशे वर्षं आधी? अजिंठ्याचं दोन नंबरचं लेणं. पूर्णाची कथा रंगवली आहे. पूर्ण सोपाऱ्याचा व्यापारी, पुढे भिक्खू झालेला. त्याचा भाऊ चंदन आणायला जहाजाने जातो, वादळात सापडतो, आणि पूर्ण त्याला वाचवतो. त्यात तीन डोलकाठ्यांचं जहाज काढलंय, शिडं फुगलेली, आणि मागच्या बाजूला मोठमोठे रांजण ओळीने ठेवलेले. भारतातल्या जहाजबांधणीवर लिहिणारा प्रत्येक जण या चित्राकडे येतो. जळगावहून साठ किलोमीटर. आपण शाळेच्या सहलीत ते बघितलेलं असतं आणि लक्षात राहतात फक्त पद्मपाणी आणि माकडं.

गिरणाकाठ, तुम्हाला माल बघायचा होता ना? तो चित्रकार शहाणा होता. त्याने रांजण काढले.

---

वांग्याचं भरीत

रांजणांवर टाळ्या.

पण जिल्हा तर संभाजीनगर लागतो ना अजिंठ्याचा?

---

सातपुडा

जिल्हा त्यांचा, स्टेशन आपलं.

---

मेहरूणची बोर

मूळ प्रश्नाला कुणी हात घातला नाही. आपल्या बाजूला काय उभं राहिलं?

उभं राहिलं होतं की. जळगावची खानदेश मिल, अमळनेरची प्रताप शेठजींची मिल, आणि प्रत्येक तालुक्याच्या स्टेशनाजवळ दोन-चार जीन आणि रुई दाबून गठाणी बांधणारे प्रेस. आता मिलच्या जागेवर दुकानं, आणि जीनचं काय झालंय ते गावोगाव बघा. आमच्या गावच्या जुन्या जीनचं छप्पर पावसाळ्यात गेलं. इंग्लंडहून आलेला दाबयंत्राचा खांब भंगारवाल्याने गॅसने कापून नेला. दगडी भिंती मात्र अजून अशा आहेत की नवीन बांधकामाला लाज वाटावी.

एखादं जीन घेऊन तिथे कापसाचं संग्रहालय करता येणार नाही का? आपल्या जैन हिल्सवर गांधीतीर्थ हे गांधीजींवरचं संग्रहालय झालंच की. धुळ्याला राजवाडे मंडळाने (इतिहास संशोधन मंडळाने) किती जपून ठेवलंय. होतं, मनात आणलं तर.

---

पांझरा

राजवाडे मंडळ धुळ्याचं आहे हे इथल्या जळगावकरांनी मान्य केलं, स्क्रीनशॉट घेतला.

बाकी, मनात आणून भागत नाही. सातबारा काढा त्या जीनचा. वारस निघतील चौदा. त्यातले निम्मे पुण्याला, दोन अमेरिकेत, आणि एक असा जो सही करणार नाही म्हणजे नाही. जागा स्टेशनजवळ, म्हणजे बिल्डरचा भाव. तुमच्या चरख्यांना आणि जुन्या तराजूंना कोण एवढं देणार?

आणि लिव्हरपूलशी तुलना करू नका. त्यांच्याकडे पैसा आहे.

---

लोकोशेड (भुसावळ)

@पांझरा, त्यांचीही कथा ऐका. शिडाच्या जहाजांसाठी बांधलेलं ते डॉक, पुढे जहाजं मोठी झाली आणि तोंडातून आत येईनात. १९२० नंतर जहाजी वाहतूक जवळजवळ संपली. महायुद्धात बाँब पडले. १९५२ ला पहिल्या दर्जाची वारसा इमारत म्हणून नोंद झाली, तरी १९७२ ला बंद पडलं. दरवाजे उघडे राहिले, पाण्याच्या जागी गाळ साचला. पाडून टाकून तिथे टोलेजंग इमारती बांधायच्या योजना होत्या. पाडलं नाही याचं एक कारण म्हणजे पाडायलाही पैसे नव्हते. १९८१ ला सरकारने विकासमंडळ नेमलं, गाळ काढला, आणि संग्रहालय १९८०च्या दशकात त्या वखारीत आलं. तेव्हा लिव्हरपूल इंग्लंडमधलं गरीब, बेकारीने पिचलेलं शहर होतं. पैसा आहे म्हणून त्यांनी केलं, असं सरळ नाही.

आणि त्यांनी सगळं बरोबरच केलं असंही नाही. लिव्हरपूलच्या बंदराला २००४ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला होता, २०२१ मध्ये युनेस्कोने काढून घेतला. काठावर नवी बांधकामं आणि एका जुन्या गोदीवर फुटबॉलचं स्टेडियम, या कारणाने.

माझं म्हणणं इंजिनिअरच्या बाजूने एवढंच, की जीनची इमारत संग्रहालयाला चांगली. रुंद गाळे, उंच छप्पर, मधे अडथळे कमी. छपराची कैची (पत्रे पेलणारा त्रिकोणी सांगाडा) लोखंडी असेल तर नुसते पत्रे बदलून भागतं, सागवानी असेल तर आधी वाळवी बघा. भिंतीला चुना असेल तर चुन्यानेच दुरुस्त करा, सिमेंट मारलं की आत ओल कोंडते आणि दगडाचा पापुद्रा सुटतो. हे आमच्या खात्यात सांगून सांगून थकलो होतो.

---

तापीबाई (सावदा)

आणि संग्रहालय केलंच तर वेचणाऱ्या बायकांपासून सुरू करा. किलोवर मजुरी, ओटीत कापूस, बोटांना बोंडाची टोकं. नाहीतर आपणही दोन शेठजींचे फोटो आणि एक हार लावून मोकळे होऊ, आणि मग लिव्हरपूलला नावं ठेवायची सोय राहणार नाही.

---

दर्यावर्दी शिरपूरकर

@तापीबाई +१

---

गणपूर्ती

श्रीलंकेत गॉलच्या किल्ल्यात असंच सागरी संग्रहालय आहे, सतराव्या शतकातल्या डच वखारीत. लांबच लांब इमारत, जाड भिंती. २००४ च्या त्सुनामीत नुकसान झालं, नंतर पुन्हा उभं केलं. १६५९ मध्ये तिथल्याच बंदरात बुडालेल्या डच जहाजातल्या वस्तू आहेत. लिव्हरपूल बंद आहे तोवर हे बघा, खर्चही कमी. उकाडा मात्र आपल्या मे महिन्याची आठवण देतो.

---

गिरणाकाठ

गॉलची नोंद केली, आभार. सातपुडा, अजिंठ्याला पुढच्या वेळी विजेरी घेऊन जाणार आणि रांजण मोजणार.

पांझरा, चौदा वारसांचं खरं आहे, आमच्याच घरात अकरा आहेत. म्हणून इमारतीपासून सुरुवात नको असं माझं मत झालंय. इमारत मिळेल तेव्हा मिळेल, वस्तू मात्र दर दिवाळीच्या सफाईत भंगारात जातात. मुनिमांच्या हिशेबाच्या वह्या, तराजू, पारडी, वजनं, हातरेचे (हाताने सरकी काढायची यंत्रं), तार आलेले कागद, प्रेसचे मार्के. १९२५ च्या जिनिंग-प्रेसिंग कायद्याने प्रत्येक गठाणीवर प्रेसची खूण आणि क्रमांक टाकणं बंधनकारक झालं, तेव्हा त्या पत्र्याच्या कापीव खुणा जुन्या घरांत असणारच. निदान फोटो काढून ठेवा. वहीचं पान असेल तर चारी कोपरे दिसतील असा, सावली न पाडता, आणि शेजारी पट्टी ठेवून.

---

अहिरानी भो

आमना घरम्हा तशी पत्री शे भो, माळावर पडेल. तिले मधम्हा गोल कापेल शे आनि दोन अक्षरं. आई तिनावर कुरडया वाळाडस.

---

गिरणाकाठ

कुरडया वाळल्या की फोटो टाक. दोन्ही बाजूंचा. आणि आईला म्हणावं घासू नका, रंग राहिला असेल कडेला तर तो हवाय.

---

मेहरूणची बोर

आमच्या जीनच्या वजनकाट्याचं दगडी जोतं अजून आहे, काटा नाही. रविवारी जाऊन मोजमाप घेते. लोकोशेडकाका, भिंतीला चुना आहे की सिमेंट ते ओळखायचं कसं?

---

लोकोशेड (भुसावळ)

सांध्यात किल्ली घालून खरवडा. चुना पांढरट भुकटी होऊन पडतो, सिमेंट किल्ली बोथट करतं. घराची किल्ली वापरू नका.